खिडकीची जागा मागून घ्या



आपल्या वस्तीतला माणूस विमानाने गेला, ही आता चाळभर सांगण्याची बातमी राहिलेली नाही. कुणाचा मुलगा आखातात कामाला आहे, कुणाची लेक बंगलोरला नोकरीला लागली आहे, कुठे महिला मंडळाने वर्षभर भिशी लावून बोधगया-काठमांडूची धम्मसहल काढली आहे. जाण्याआधी चौकशा पुष्कळ होतात. सामान किती किलो न्यायचे, चपाती-चटणीचा डबा चालतो का, कानाला दडा बसला तर काय करायचे. पण एक प्रश्न विचारायला आपली माणसे लाजतात. खिडकीजवळची जागा कशी मिळवायची, आणि ती कोणत्या बाजूची घ्यायची?

कुणी म्हणेल, पोहोचल्याशी मतलब, खिडकी काय करायची आहे? आम्हाला हे पटत नाही. घामाचे पैसे मोजून आपण तिकीट काढतो. मग दीड-दोन तास समोरच्या खुर्चीची पाठ का बघायची? तथागतांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे, या आणि स्वतः पाहा, असे सांगणारा आहे. नदी कुठून कुठे जाते, डोंगर कुठे संपतो, धरणाचे पाणी कुणाच्या शेतात वळले, हे वरून एकदा पाहिलेले मूल भूगोलाचे पुस्तक वेगळ्या डोळ्यांनी वाचते. म्हणून या वेळी हे सदर खिडकीसाठी.

आधी अक्षरे समजून घेऊ. विमानातल्या जागेला रांगेचा आकडा आणि एक इंग्रजी अक्षर असते. देशात उडणाऱ्या बहुतेक मोठ्या विमानांत मधल्या वाटेच्या दोन्ही अंगांना तीन-तीन जागा असतात. विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसले की डाव्या हाताची खिडकी 'ए' आणि उजव्या हाताची 'एफ'. 'बी' आणि 'ई' या मधल्या जागा, 'सी' आणि 'डी' वाटेकडच्या. लहान शहरांना जाणाऱ्या, बाहेर पंखे फिरणाऱ्या एटीआर विमानात दोन-दोन जागा असतात. तिथेही खिडक्या 'ए' आणि 'एफ' याच. एवढे पाठ असले की तिकीट काढून देणाऱ्या मुलाला नुसते 'विंडो दे' म्हणायचे नाही, कोणती विंडो ते सांगायचे.

दुसरी गोष्ट पंखाची. खिडकी मिळाली, पण बाहेर पंखाचा पत्राच पसरलेला, अशी अनेकांची निराशा होते. तीसेक रांगांच्या विमानात साधारण दहाव्या रांगेपासून विसाव्या रांगेपर्यंत खाली पाहिले की पंखच दिसतो. विमानागणिक यात थोडा फरक पडतो. म्हणून जागा पंखाच्या पुढची तरी घ्यावी, नाहीतर पार मागची. पुढच्या जागांना बहुधा जास्त पैसे पडतात, मागच्या स्वस्त असतात. मागे आवाज जास्त येतो आणि इंजिनाच्या गरम हवेमुळे त्या बाजूचे दृश्य थोडे थरथरते, पण जमीन मोकळी दिसते. संकटकालीन दाराजवळची रांग लहान मुलांना आणि वृद्धांना देत नाहीत, तिथला हट्ट धरू नये. काही विमानांत एखाद्या रांगेला खिडकीच नसते, नुसती भिंत असते. असे झाले तर दार बंद झाल्यावर, मागे जागा रिकामी असल्यास कर्मचाऱ्यांना विचारून बदलून घ्यावी. एटीआरमध्ये पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक खिडकीतून खालचे दिसते. शिवाय ते मोठ्या जेटपेक्षा कमी उंचीवरून उडते. मोठे विमान जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर वर जाते, एटीआर बरेच खाली राहते. त्यातून शेताचे बांधसुद्धा ओळखू येतात. स्वस्तातले उत्तम दृश्य हवे असेल तर या लहान विमानाला नाक मुरडू नका.

आता मुख्य प्रश्न. डावी की उजवी? याला शाळेची नकाशावही आणि फूटपट्टी पुरते. निघण्याचे गाव आणि पोहोचण्याचे गाव यांवर पट्टी ठेवावी. आपण विमानात बसलो आहोत आणि नाक पुढच्या गावाकडे आहे असे समजावे. जे पाहायचे ते पट्टीच्या कोणत्या अंगाला पडते, ते बोटाने दाखवावे. घरातल्या पाचवी-सहावीच्या मुलाकडे हे काम द्या, तो चुकणार नाही.

आपण मुंबई-नागपूर घेऊ, कारण दीक्षाभूमीची वाट आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पट्टी ठेवली की ती माळशेजच्या आसपास सह्याद्री ओलांडते आणि छत्रपती संभाजीनगरजवळून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादजवळून, नागपूरकडे जाते. बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय काढले, ते हेच शहर. विमान पूर्व-ईशान्येला चालले आहे, म्हणजे डावा हात उत्तरेला आणि उजवा दक्षिणेला. बौद्ध लेण्यांनी भरलेला जुन्नरचा डोंगराळ मुलूख उजवीकडे. पैठणचे जायकवाडी धरण उजवीकडे. उल्कापाताने झालेले, गोल वाटीसारखे लोणारचे सरोवर उजवीकडे. अजिंठ्याचे डोंगर डावीकडे. लेणी एवढ्या उंचीवरून दिसणार नाहीत, पण सपाट पठार अचानक तुटून खाली कसे उतरते ते दिसते. म्हणून दिवसा मुंबईहून नागपूरला जाताना 'एफ' बरी, आणि नागपूरहून येताना सगळे उलटे, म्हणून 'ए'. विमानाचा मार्ग पट्टीइतका सरळ नसतो, वाहतुकीप्रमाणे आणि हवेप्रमाणे थोडा इकडे-तिकडे होतो. तरी बाजू सहसा बदलत नाही.

मुंबईतून निघतानाची गंमत मात्र डावीकडे आहे. सांताक्रूझच्या विमानतळावरून विमान बहुतेक वेळा पश्चिमेला, समुद्रावर झेपावते. त्या वेळी डाव्या खिडकीतून वांद्रे-वरळीचा सागरी सेतू आणि त्यापलीकडे माहीम-दादरचा किनारा दिसतो. आपली चैत्यभूमी त्याच किनाऱ्यावर आहे. तेव्हा कुटुंबात चार माणसे असतील तर दोघे 'ए'कडे आणि दोघे 'एफ'कडे बसा, आणि उतरल्यावर एकमेकांना सांगा. नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून जाणाऱ्यांनी हा हिशेब धरू नये.

नागपुरात दीक्षाभूमी विमानतळाच्या उत्तरेच्या अंगाला, अवघ्या काही किलोमीटरवर आहे. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरते, त्यामुळे कधी ते वायव्येकडून येते, कधी आग्नेयेकडून. वायव्येकडून आले तर शहर डावीकडे राहते, आग्नेयेकडून आले तर उजवीकडे. घुमट दिसेलच असे वचन कुणी देऊ शकत नाही. पण उतरताना डोळे उघडे ठेवा.

तिसरा हिशेब उन्हाचा. सकाळी सूर्य पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला, आणि हिवाळ्यात दिवसभर दक्षिणेकडे कललेला. सूर्य ज्या बाजूला त्या खिडकीत डोळे दिपतात, काचेवरचे ओरखडे चमकतात, फोटो पांढरा येतो. डोंगर पाहायचे असतील तर ऊन आपल्या पाठीशी असावे. पाण्याचे मात्र उलट आहे. नद्या आणि तळी उन्हाकडच्या बाजूलाच चांदीच्या पत्र्यासारखी लखलखतात. उन्हाविरुद्धच्या खिडकीत आणखी एक चमत्कार दिसतो, पण त्यात दैवी काही नाही. खाली ढग असतील तर विमानाची सावली ढगावर पडते आणि तिच्याभोवती रंगीत कडे उमटते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसणारे इंद्रवज्र ते हेच. ढगातल्या बारीक थेंबांवरून प्रकाश परतल्यामुळे ते घडते. मुलांना कारणासकट सांगा.

ऋतूचाही विचार हवा. जून ते सप्टेंबर ढगांशिवाय काही दिसेल याची खात्री नाही. पावसाने हवा धुऊन निघाल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, महाराष्ट्र हिरवा आणि स्वच्छ दिसतो. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत धुके असते, विमानेच उशिरा सुटतात.

आता धम्मयात्रेच्या वाटा. दिल्लीहून काठमांडूला विमान पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला कलत जाते. हिमालय उत्तरेला, म्हणून जाताना 'ए' आणि येताना 'एफ'. यात दोन मते नाहीत. हवा स्वच्छ असेल तर धौलागिरी (८,१६७ मीटर), अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) आणि मनास्लू (८,१६३ मीटर) ही शिखरे एकामागून एक येतात. ती खाली दिसत नाहीत, जवळजवळ आपल्याच पातळीवर ढगांतून वर आलेली दिसतात. नवख्या माणसाला आधी ते ढगच वाटतात. ढग आकार बदलतो, शिखर बदलत नाही, एवढी खूण लक्षात ठेवा. एव्हरेस्ट काठमांडूच्याही पूर्वेला आहे. ते जवळून पाहण्यासाठी काठमांडूहून सकाळी तासाभराची वेगळी विमाने सुटतात. नेपाळला विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र जवळ ठेवा, नुसत्या आधारकार्डावर विसंबू नका. याच काठमांडूत नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेला बाबासाहेब गेले होते. आजाराने शरीर थकलेले असताना गेले होते. ही आठवण ठेवून ती शिखरे पाहावीत.

लेहची विमाने बहुतेक सकाळी जातात, कारण दुपारनंतर तिथे वारा जोर धरतो. दिल्लीहून उत्तरेला जाताना दोन्ही हातांना बर्फाचे डोंगर आहेत. पण सकाळचे ऊन उजवीकडून येते, म्हणून डावी 'ए' डोळ्यांना सुखाची. उतरताना विमानतळाशेजारच्या टेकडीवर स्पितुकचा बौद्ध मठ आहे. लेहचा विमानतळ तीन हजार दोनशे मीटरहून उंच आहे, पहिला दिवस विश्रांतीचा ठेवा. लेह, पुणे यांसारख्या ठिकाणी लष्कराचाही वावर असतो. तिथे फोटो काढू नये, आणि खिडकीची झडप खाली करा म्हटले तर करावी.

गया, वाराणसी, कुशीनगर या बाजूला गंगेचे सपाट मैदान आहे. तिथे डाव्या-उजव्याचा फार फरक नाही, सावलीची बाजू घ्या. कुशीनगरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, आणि लुंबिनीजवळचा नेपाळचा विमानतळ २०२२ च्या बुद्धपौर्णिमेला. श्रीलंकेचे, थायलंडचे उपासक या भागात विमानाने येतात. बुद्धाच्या भूमीतल्या आपण तरी मागे का राहावे?

जागा मिळवायची कशी? तिकीट काढतानाच पैसे भरून निवडता येते. पैसे भरायचे नसतील तर उड्डाणाच्या साधारण दोन दिवस आधी वेब चेक-इन उघडते. ते उघडताच मोबाइलवर बसा, तेव्हा बिनपैशाच्या जागांत कधीकधी खिडकी सापडते. तेही जमले नाही तर विमानतळावर लवकर पोहोचा आणि काउंटरवर स्वच्छ शब्दांत मागा. "आजी पहिल्यांदाच विमानात बसते आहे, खिडकी असेल तर द्या." मागण्यात कमीपणा नाही. फार तर नाही म्हणतील.

आणि मिळालेली जागा सोडू नका. हे सांगण्यासाठीच आम्ही आज लेखणी हाती घेतली आहे. एका धम्मसहलीबरोबर आम्ही प्रवास करत होतो. आमच्यातल्या साठीच्या आजींना मंडळाने मुद्दाम खिडकी घेऊन दिली होती. आम्ही मागच्या रांगांत होतो. शेजारचा टापटीप कपड्यांतला गृहस्थ त्यांना म्हणाला, "मावशी, तुम्हाला चक्कर येईल, इकडे कडेला बसा," आणि स्वतः खिडकीत बसला. आजी निमूट उठल्या. उतरल्यावर आम्ही विचारले, "काय काय दिसलं?" त्या हसून म्हणाल्या, "मले तं त्या साहेबाचा कानच दिसला, माय."

आम्ही सगळे हसलो. पण ते हसू घशात अडकले. तो गृहस्थ दुष्ट होता असे आम्ही म्हणत नाही. त्याला घेण्याची सवय होती आणि आजींना देण्याची. ही सवय एका दिवसाची नाही. १९०१च्या सुमारास नवे कपडे घालून, नटूनथटून लहानगा भीमराव भाऊ-भाच्यांबरोबर मसूरच्या स्टेशनवर उतरला होता. वडिलांच्या नोकरीच्या गावी जायचे होते. जात कळताच एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने सोबत पायी चालायचे. वाटेत प्यायला पाणीही मिळाले नाही. हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ज्या मुलाला बैलगाडीत जागा नाकारली, त्याचेच नाव २००५ साली नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला लागले. त्या विमानतळावर आपली आजी हाती बोर्डिंग पास असताना स्वतःची जागा सोडून उतरावी काय?

म्हणून घरी शिकवून ठेवा. बोर्डिंग पासवर आपला आकडा आणि अक्षर बोट ठेवून वाचायचे. जागेवर दुसरे कुणी बसले असेल तर भांडायचे नाही, पास पुढे करून शांतपणे म्हणायचे, "ही माझी जागा आहे." तरी ऐकले नाही तर वर बटण असते, ते दाबून कर्मचारी ताईंना बोलवायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याबरोबर वाचणारे माणूस बसवा. आजारी माणसासाठी, रडत्या लेकरासाठी आपण होऊन जागा दिली तर ती करुणा झाली. पण कुणी उठवले म्हणून उठलो, तर ती करुणा नव्हे.

घरातही न्याय हवा. खिडकी एक आणि माणसे तीन असतील तर बहुतेक घरांत ती मुलाला मिळते, नाहीतर घरच्या पुरुषाला. आम्ही म्हणतो, पहिला मान तिला द्या जिने आयुष्यभर लोकांच्या घरची भांडी घासून, रस्ता झाडून, विटा वाहून या तिकिटाचे पैसे साठवले. मुलांची पाळी नंतर लावा, अर्धा वेळ एकाची, अर्धा दुसऱ्याची. मुलीची पाळी विसरू नका.

एक शेवटची गोष्ट, मुंबईत उतरतानाची. पूर्वेकडून येणारे विमान ठाण्याची खाडी ओलांडते. उजव्या खिडकीला पवईचे तळे आणि पलीकडे कान्हेरीची लेणी पोटात घेतलेले जंगल, डाव्या खिडकीला चेंबूर-गोवंडीची बाजू, आणि अगदी खाली घाटकोपर-कुर्ल्याच्या वस्त्या. पत्रे, निळ्या ताडपत्र्या, खेटून बसलेली छपरे. त्या वेळी विमानात कुणीतरी हमखास तोंड वाकडे करते. "काय ही झोपडपट्टी!" आपल्या लेकराने हे ऐकले तर मान खाली घालू देऊ नका. त्याला सांगा, या शहराचे रस्ते, गटारे, इमारती आणि ही धावपट्टीसुद्धा ज्या हातांनी बांधली आणि झाडली, ते हात या छपरांखाली राहतात. आपले छप्पर शोधायला लावा. सापडले तर बोट दाखवू द्या, मोठ्याने ओरडू द्या.

ज्या वाचकांच्या घरी येत्या वर्षात विमानप्रवास होईल, त्यांनी मुलांकडून आम्हाला पत्र लिहवून घ्यावे. कुठून कुठे गेलात, रांग कितवी, 'ए' की 'एफ', आणि काय दिसले. निवडक पत्रे याच पानावर छापू, म्हणजे पुढच्या माणसाला वाट सोपी होईल.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय, जयभीम!